चांगूबायने गाळलेला शब्द

नाताळच्या अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. बायबलबाईच्या नोकरीत लिहिण्यासारखं काय असणार, असं माझ्या घरच्यांनाही वाटतं. लोकांच्या समजुतीप्रमाणे आमचं काम म्हणजे पांढरं लुगडं नेसायचं, छत्री काखोटीला मारायची, घरोघर जाऊन गीतं म्हणायची आणि पोरांच्या डोळ्यांत औषध घालायचं. तेही मी पुष्कळ केलं. एका पोराने माझा अंगठा असा कडकडून चावला होता की त्याचा वण अजून आहे. पण माझी खरी नोकरी निराळी होती. मी मतांगिकार शिकवत असे.

हा अंक आमच्या समाजाबाहेरची माणसंही वाचतात, म्हणून सांगते. आम्ही ख्रिस्ती माणसं काय मानतो ते थोडक्या ओळींत बांधलेलं आहे. देव कोण, येशू कोण, तो कसा जन्मला, कसा मेला, कसा उठला, आणि आमची आशा कशावर आहे, एवढं सगळं एका दमात म्हणता येतं. त्याला मतांगिकार म्हणतात. बाप्तिस्मा घेणाऱ्याने तो सर्वांसमोर म्हणायचा, आणि पुढे दर रविवारी मंडळीने उभं राहून एकत्र म्हणायचा. आमच्या बायका लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या तोंडी हे शब्द बसवायचे, आणि नुसते तोंडी नाही तर डोक्यातही उतरवायचे, हे माझं काम. ते मी विसाच्या आणि तिसाच्या सालांत कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर केलं. कोणी मासळी साफ करत असे, कोणी भात कांडत असे, आणि मी उंबऱ्यावर बसून एकेक ओळ सोडत असे.

गेल्या वर्षी याच अंकात एका तरुण लेखकाने लिहिलं की मतांगिकार ही आता अडगळ झाली आहे, दुसऱ्याने बांधलेले शब्द आपण का म्हणायचे, ज्याने त्याने आपल्या मनाला पटेल ते मानावं. लेख छान होता. मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि मला चांगूबाय आठवली. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे.

पण तिच्याकडे येण्याआधी या कामाची थोडी गंमत सांगू द्या.

माझी पहिली नेमणूक म्हसळ्याच्या बाजूला होती. तिथे धोंडू नावाचा एक भातशेती करणारा माणूस बायकोबरोबर बाप्तिस्म्यासाठी शिकत होता. पुरुषांना शिकवणं उपदेशकाचं काम, पण धोंडू बायकोच्या मागे बसून सगळं ऐकायचा आणि तिच्याआधी शंका काढायचा. मतांगिकारात एक ओळ आहे की येशूने पंतय पिलाताच्या अमदानीत दुःख सोसलं. धोंडूने विचारलं, "बाई, ह्यो पिलात कोण?"

म्हटलं, "त्या मुलखाचा सुभेदार. त्यानेच शिक्षा फर्मावली."

"म्हंजे मामलेदारच म्हना की. मंग त्याचं नाव दर रविवारी कशापायी घ्यायचं? आमच्यात मामलेदाराचं नाव कामाबिगर कोन घेत न्हाय."

माझ्या शिक्षणात कोणी हे विचारलंच नव्हतं. तेवढ्यात धोंडूची बायको, जी सबंध महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती, हातातलं सूप न थांबवता म्हणाली, "आवो, आपली मोठी लेक कधी जलमली ते इचारलं तर तुमी काय सांगता? अमक्या मामलेदाराच्या वक्ताला. तसंच हाय ते. घडलं म्हनून सांगायचं हाय."

त्यानंतर आयुष्यभर मी पिलाताची ओळ याच शब्दांत शिकवली. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांनी ती ऐकून वहीत टिपून घेतली, तेव्हा मी ती माझीच असल्यासारखी मान खाली घालून उभी राहिले.

पुढे माझी बदली रेवसच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावात झाली. तिथे आमच्या देवळाशेजारी (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) हसनचाचा म्हणून एक म्हातारे खलाशी राहायचे. मी ओसरीवर बायकांकडून ओळी म्हणवून घेत असताना ते आपल्या अंगणात दोर वळत बसलेले असायचे. एकदा म्हणाले, "बाई, आमचा कलमा एका दमात होतो. तुमचा म्हणेपर्यंत भरती निघून जाईल."

म्हटलं, "चाचा, आमच्याकडे सांगायला गोष्ट आहे. गोष्टीला वेळ लागतो."

"मग सांगा सांगा," ते म्हणाले. "पण त्या तिसऱ्या बाईची मधली ओळ रोज राहते, तेवढी बघा." आणि ती राहतच होती. त्यांना आमचा मतांगिकार माझ्या निम्म्या विद्यार्थिनींपेक्षा चांगला येत होता. मानायचे मात्र ते आपला कलमाच, आणि मला त्यांचं ते आवडायचं. मनात एक आणि तोंडात एक असा माणूस तो नव्हता.

या गावची मंडळी लहान होती. थोडी कोळी घरं, थोडी शेतकरी घरं, शाळेचे मास्तर आणि त्यांचं कुटुंब. देऊळ कौलारू, पुढे ओसरी, ओसरीवरून खाडीचं पाणी दिसायचं. बाजाची पेटी होती, पण खाऱ्या हवेने तिचा घसा बसलेला. त्यामुळे सगळं तोंडानेच चालायचं. मतांगिकाराची रीत अशी की पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, पहिला शब्द उचलायचा आणि तो कानी पडताच सगळ्यांनी एकदम उठवायचा. आमच्याकडच्या मतांगिकाराचा पहिला शब्दच मुळी "सर्वसमर्थ". सर्वसमर्थ पिता, आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता, आणि पुढे बाकीचं.

त्या मंडळीत आणखी एक रीत होती. ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही आणि कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर तापाची मोठी साथ आली, तेव्हा या लहानशा मंडळीतली फार माणसं गेली. त्या दिवसांत रविवारी काही जणांच्या तोंडून एखादी ओळ निघेनाशी झाली. कोणाची "देहाचं पुनरुत्थान" अडायची, कोणाची "पापांची क्षमा". त्या वेळचे म्हातारे पाळक शहाणे होते. त्यांनी सांगितलं, "ज्याला जी ओळ म्हणवत नाही त्याने गप्प राहावं. शेजारच्याने ती जरा मोठ्याने म्हणावी. मतांगिकार मंडळीचा आहे, तो पुरा झाला म्हणजे झालं." तेव्हापासून तसं चालायचं. कोण कुठे गप्प राहतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्याबद्दल कोणी कोणाला चकार शब्द विचारत नसे. बहुतेकांची ओळ काही महिन्यांनी परत यायची. मी नवी आले तेव्हा मला वाटलं की या लोकांना धड पाठ नाही, आणि मी सुधारायला निघाले. हसनचाचांनीच मला हसत हसत थांबवलं आणि त्यामागचं कारण सांगितलं.

आता चांगूबाय. बाप्तिस्म्याचं नाव मरियम, पण त्या नावाने तिला हाक मारली तर ती मागे वळून कोण आलंय ते बघायची. कोळीण, उंच, काळीसावळी, कपाळावर पाटीचा घट्टा पडलेला. मासळी विकता विकता कमावलेला आवाज. ती बाजारात ओरडली की बंदरावरच्या होड्यांना ऐकू जायचं, असं लोक म्हणायचे. तिच्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा कोळीवाड्याने त्यांना वाळीत टाकलं. सुखदुःखाला कोणी यायचं नाही, विहिरीवर बाजूला उभं राहायचं. मग नवरा वारला. तिला सासर नाही, माहेर नाही. माणसं म्हणून जी काय ती मंडळीतलीच. आणि एक मुलगा, दानिएल. सगळे त्याला दानू म्हणायचे.

मी त्या गावात आले तेव्हा दानू हाताशी आलेला होता. सुपाएवढी छाती आणि आईसारखा आवाज. रविवारी मायलेक एका बाकापाशी उभी राहिली की बाकीच्यांनी नुसते ओठ हलवले तरी चाललं असतं.

एका साध्या दिवशी, वारा नाही, वादळ नाही, होडी परत येताना खाडीच्या तोंडाशी उलटली. बायका पाट्या घेऊन काठावर उभ्याच होत्या. बाकीचे पोहून आले. दानूच्या पायांत जाळं गुंतलं. चांगूबायने ते सगळं उभ्या जागेवरून पाहिलं.

पुढच्या रविवारी ती आली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. पाळकांनी पहिला शब्द उचलला, मंडळीने उठवला, आणि चांगूबाय गप्प. पुढे "पिता" आलं तसा तिचा आवाज लागला आणि शेवटच्या "आमेन"पर्यंत तो खणखणीत होता. मी समजले. पुढच्या रविवारपासून तो एक शब्द मी मोठ्याने म्हणायला लागले. बाहेरच्याला वाटलं असतं की ही बाई उशिरा सुरू होते. इतरांच्या ओळी परत यायच्या, तिचा शब्द आला नाही. वर्षं गेली. सण, पाऊस, मासळीचे हंगाम आले आणि गेले. रविवारी मात्र ती चुकली नाही.

मग म्हातारे पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांना घ्यायला आम्ही रेवसच्या धक्क्यावर गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावरून बोट आली. उतरले ते तरुण, सडपातळ, चष्मा लावलेले गृहस्थ, बरोबर त्यांची पत्नी रूथबाई, कडेवर लिली नावाची लहानगी मुलगी, आणि पुस्तकांच्या पेट्या. एवढ्या पेट्या पाहून गाडीवाल्याने कपाळावर हात मारला.

या पाळकसाहेबांबद्दल मला वाईट लिहायचं नाही, कारण वाईट काही नव्हतंच. मतांगिकार समजावून सांगणारा तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. प्रत्येक ओळ कुठून आली, कोणत्या भांडणात ठरली, ती नसती तर काय बिघडलं असतं, हे ते असं सांगायचे की कोळणी पाटी खाली ठेवून ऐकायच्या. मी इतकी वर्षं जे शिकवत होते त्याच्या मुळाशी मला त्यांनीच नेलं. पण त्यांचे कान तीक्ष्ण होते. थोड्याच रविवारांत त्यांनी चांगूबायला पकडलं.

"बाई, त्या मरियमबाई पहिला शब्द का म्हणत नाहीत?"

मी रीत सांगितली. दानूची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी ते म्हणाले, "साथीत ती सवलत ठीक होती. पण इतकी वर्षं? बाई, हे शब्द पहिल्यांदा म्हणणाऱ्यांतले कित्येक त्यांच्यापायी मेले. त्यातला आपल्याला सोयीचा तेवढा भाग आपण घ्यायचा? आणि हा शब्द काढला तर खाली काय उरतं?"

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हीच अडचण होती. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः बोला तिच्याशी."

ते आले. चांगूबाय अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने हात धुतले, पदर सारखा केला, त्यांना खाट दिली आणि आपण जमिनीवर बसली. पाळकसाहेबांनी फार मायेने विषय काढला.

ती म्हणाली, "पाद्रीबाबा, तो बाप हाय ह्या मना पटतंय. माजा दानू त्यानीच मना दिला. पन सर्वसमर्थ? तो समर्थ व्हता, तं त्या दिवशी माज्या डोल्यांदेखत काय करीत व्हता? मी ह्या त्याला रोज इचारतंय. तो बोलत न्हाय. तो बोलं तवर मी त्याच्या घरात जाऊन खोटा बोलू?"

"पण सर्वसमर्थ नाही म्हटलं, तर उरतो तो दुबळा बाप."

"दुबला बाप मना चालंल," चांगूबाय म्हणाली. "माजा बाप दुबलाच व्हता. तरी मी त्याला सोरला न्हाय."

मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "चांगू, बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून सांगतेस, तेव्हा खोटं बोलत नाहीस?"

"बाजारान सगल्यांनाच ठावं असतंय बाय," ती म्हणाली. "थयं खोटा लागत न्हाय. हयं लागतंय."

त्यावर पाळकसाहेबसुद्धा हसले. पण त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि त्यांच्या मते ते तिच्या भल्याचंच होतं. मंडळीचे पंच बसले. असं ठरलं की मरियमबाईंनी मतांगिकार पुरा म्हणेपर्यंत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सर्वांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याला, बसू नये, आणि पुढच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, त्यांनी तो म्हटला नाही तर त्यांना मंडळीतून कमी करावं. पंचांतल्या एकाचेही डोळे वर नव्हते. ज्या बाईला कोळीवाड्याने टाकलं, तिला आता आम्ही टाकणार होतो. तिला पुन्हा शिकवून तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी गेले. किती वेळा गेले ते आता आठवत नाही. मी तिला म्हणत असे, "अगं, एक शब्द. बाकी सगळा तुला माझ्यापेक्षा चांगला येतो. तुझं आहे कोण दुसरं? उद्या तू गेलीस तर तुला खांदा कोण देणार?"

ती म्हणायची, "बाय, तुजा खरा हाय. पन होरी वल्हवताना एकाचा हात धरला, वल्हा मारवंना, तं बाकीचे वल्हवतात. त्याला पान्यान टाकीत न्हाय. तुमी माजा शबुद वल्हवत व्हता ना? मी बाकीचा सगला वल्हवतंय का न्हाय?"

मी चिडायचे. शब्दांवर पोट भरणारी बाई मी. एका शब्दासाठी माणूस हट्टाला पेटतो, हे मला कळायला हवं होतं. पण रागाच्या भरात मी तिला हेकट म्हटलं. तिने हसून माझ्यापुढे सुका जवळा ठेवला.

प्रभुभोजनाचा रविवार आला. तिला बसायची परवानगी नव्हती म्हणून ती आत आली नाही. मला वाटलं, संपलं. पण मतांगिकार सुरू झाला आणि "पिता" म्हणताच ओसरीवरून तिचा आवाज आला. मी दारातून वाकून पाहिलं. मासळीची पाटी बाजूला ठेवून ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटलेले. तिने एकही ओळ सोडली नाही, एका शब्दाशिवाय. त्यानंतर ती दर रविवारी तिथेच उभी राहू लागली. पाळकसाहेबांनी पंचांना काही विचारलं नाही आणि पंचांनीही काही सांगितलं नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीची थाळी फिरायची तेव्हा मात्र मी दाराकडे पाठ करून बसायचे. मला ते बघवत नसे.

पुनरुत्थानाचा सण जवळ येत चालला होता. पाळकसाहेब तिच्या घरी अधूनमधून जायचे. ती त्यांना चहा द्यायची, लिलीला मांडीवर घेऊन खाडीतले खेकडे दाखवायची, आणि शब्द काही द्यायची नाही. रूथबाईंनी मला एकदा सांगितलं, "हे झोपेतही तिच्याशीच बोलतात." मला वाटतं ते स्वतःशीच झगडत होते. पण पंचांचा ठराव तर झालेला होता.

आणि लिलीचा घसा धरला. घटसर्प होता. डॉक्टरला आणायला माणूस अलिबागेला धावला. तो येईपर्यंत ती गेली.

मी तिथेच होते. रूथबाई दगडासारख्या बसलेल्या. पाळकसाहेब उभे होते, चष्मा कुठेतरी पडलेला. मंडळीतल्या बायका दारात घोळका करून उभ्या, कोणाला आत शिरायचा धीर होईना. तेवढ्यात चांगूबाय वाट काढत आली. तिने पाटी बाहेर ठेवली, हात धुतले, आत आली आणि काही न बोलता लिलीला न्हाऊ घातलं. रूथबाईंच्या हातात तिने केस विंचरायची फणी दिली, तेव्हा त्यांना रडू फुटलं. चांगूबायने ना एक वचन म्हटलं, ना एक सांत्वनाचा शब्द. मी माझ्या पिशवीतलं पुस्तक उघडलं होतं. ते तिच्याकडे बघून मी मिटलं.

रविवारी पंचांनी पाळकसाहेबांना सांगितलं, उपासना मास्तर चालवतील, तुम्ही घरी राहा. त्यांनी ऐकलं नाही. झगा घातला आणि उभे राहिले. तो प्रभुभोजनाचा रविवार होता. पांढऱ्या कापडाखाली थाळी आणि प्याला झाकलेले होते. गीत झालं, वाचन झालं. मंडळी मतांगिकारासाठी उभी राहिली.

पहिला शब्द पाळकाने उचलायचा. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्यांचे ओठ तो शब्द जुळवत होते हे मला समोरून दिसत होतं. ज्या शब्दासाठी त्यांनी एका बाईला दाराबाहेर ठेवलं होतं, तोच त्यांच्या गळ्यातून वर येईना. आम्ही सगळे उभे. कोणी सुरू करावं हे कळेना, कारण रीतच नव्हती. मास्तर माझ्याकडे बघत होते, मी मास्तरांकडे. रूथबाईंनी पदरात तोंड घातलं. बाहेर ओहोटीच्या पाण्याचा आवाज येत होता.

आणि ओसरीवरून आवाज आला, "सर्वसमर्थ."

एकच शब्द. बाजारात होड्यांना ऐकू जाणारा आवाज, पण त्या दिवशी तो थोडा चिरकला होता. कितीतरी वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नव्हता. मंडळीने तो झेलला. मी आयुष्यात असंख्य वेळा मतांगिकार म्हटला आणि म्हणवून घेतला असेल, पण तो त्या दिवशी जसा झाला तसा कधी झाला नाही. पाळकसाहेबांचा आवाज कुठेतरी मध्ये, पिलाताच्या ओळीनंतर लागला, आणि पुढे ते आमच्याबरोबर शेवटपर्यंत आले.

भाकर वाटायची वेळ झाली तेव्हा ते थाळी घेऊन खाली उतरले. पुढच्या बाकांकडे न जाता मधल्या वाटेने सरळ चालत दाराशी गेले आणि ओसरीवर जाऊन त्यांनी आधी चांगूबायला भाकर दिली. पंचांतले एक जण डोळे पुसत होते आणि घाम पुसतोय असं दाखवत होते.

उपासना सुटल्यावर मी तिला गाठलं. मला आनंद मावत नव्हता. मी तिचे दोन्ही हात धरले. "चांगू, अगं म्हटलास तू! बोलला का तो तुझ्याशी?"

तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली. "न्हाय बाय. तो अजून गप्पच हाय."

"मग?"

"त्यो शबुद मी पाद्रीबाबासाठी बोललू. त्यांचा हात धरला व्हता. माजा माज्यासाठी अजून बाकी हाय."

मी हे पाळकसाहेबांना सांगावं की नाही, याचा चार दिवस विचार केला. पंचांचा ठराव अजून मोडलेला नव्हता. ती पुढच्या रविवारी पुन्हा गप्प राहिली तर ते काय करतील, हे मला सांगता येत नव्हतं. शेवटी गुरुवारी जाऊन तिने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, त्यांना निरोप द्या, ओसरीवर ऊन फार लागतं. आत उभ्या राहा म्हणावं."

त्या तरुण लेखकाला मला एवढंच सांगायचं होतं. मतांगिकार दुसऱ्याने बांधलेला आहे हे खरं. म्हणूनच एकाचा आवाज बसला तेव्हा तो दुसऱ्याला त्याच्यासाठी म्हणता आला. ज्याने त्याने आपल्या मनाला पटेल तेवढंच रचलं असतं, तर त्या रविवारी ते कोणाला ठाऊक असतं?

पुढच्या रविवारी चांगूबाय आत आली आणि आपल्या जुन्या बाकापाशी माझ्या शेजारी उभी राहिली. मतांगिकारासाठी सगळे उठले. मी तिच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. मी सवयीप्रमाणे छाती भरून घेतली आणि आवाज चढवायला गेले, पण माझ्या आधी पुढून पाळकसाहेबांनी तो शब्द उचलला, तिच्याकडे बघत, एवढ्या मोठ्याने की शेजारच्या अंगणात हसनचाचांच्या हातातला दोर थांबला असेल.